इंग्रजी ‘टेक’ तुर्कीत नेताना

अक्षरवेल

नमस्कार. मी काही काळापासून इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांवरून तुर्की शिकत आहे. सरावासाठी इस्तंबूलला येणाऱ्या प्रवाशांच्या माहितीपत्रकांच्या धर्तीवर काही इंग्रजी वाक्ये लिहिली आणि त्यांचे तुर्की भाषांतर करायला घेतले. त्यात ‘टेक’ या एकाच क्रियापदाने वाट अडवली आहे. कादक्योयहून एमिन्योन्युला जाण्यासाठी फेरीबोट ‘टेक’ करा, प्रवासाला वीस मिनिटे ‘टेक’ होतात, आत जाताना बूट ‘टेक ऑफ’ करा, फ्लॅश वापरून छायाचित्रे ‘टेक’ करू नका, मुलांना बागेत ‘टेक’ करा, निघताना आपले सामान सोबत ‘टेक’ करा. इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द आहे. पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत त्याच्यासमोर ‘आल्मक’ एवढेच छापलेले आहे आणि शब्दकोश उघडला की एकाखाली एक इतके अर्थ दिसतात की कोणता कुठे लावायचा हे कळत नाही. यामागे काही सूत्र आहे, की प्रत्येक प्रयोग स्वतंत्रपणे पाठच करावा लागतो? तुर्कीच्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

इझमीरकर

सूत्र आहे, आणि मराठी माणसाला ते इंग्रज माणसापेक्षा लवकर सापडते, असे माझे ठाम मत आहे. अट एवढीच की, तुर्की वाक्य रचताना मध्ये इंग्रजीला बसवू नये.

आधी लेखनाविषयी. तुर्की शब्द मी देवनागरीत अंदाजे लिहीत आहे. १९२८ साली तुर्कस्तानाने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारली, तेव्हा आठही स्वरांना स्वतंत्र अक्षरे मिळाली. त्यांतले तीन आपल्याकडे नाहीत. ओठ गोल करून उच्चारलेल्या ‘ए’साठी मी ‘यो’ लिहितो, तसेच उच्चारलेल्या ‘इ’साठी ‘यु’ लिहितो आणि बिंदू नसलेल्या ‘इ’साठी ‘अ’ लिहितो. तोंडात जीभ मागे ओढून उच्चारलेला तो एक बारीक स्वर आहे.

आता मूळ प्रश्न. इंग्रजी ‘टेक’मध्ये वस्तू कुणीतरी हाताळली एवढेच सांगितलेले असते, ती पुढे कुठे गेली हे क्रियापद सांगत नाही. तुर्कीला मात्र नेमके तेच सांगायचे असते. वस्तू माझ्याकडे आली, माझ्या हातात, ताब्यात किंवा शरीरात आली, तर ‘आल्मक’. वस्तू किंवा व्यक्ती इथून दुसरीकडे पोचवली, तर ‘ग्योत्युर्मेक’. दुसरीकडून इथे आणली, तर ‘गेतिर्मेक’. हे तर आपलेच घेणे, नेणे आणि आणणे झाले. मराठीत ‘मुलांना बागेत घ्या’ आणि ‘मुलांना बागेत न्या’ ही दोन वाक्ये ऐकताच आपल्याला वेगळी वाटतात. हा भेद ज्याच्या कानात आधीच मुरलेला आहे, त्याने तो इंग्रजीच्या एका शब्दात का बुडवावा?

साम्य इथेच संपत नाही. आपण ‘घेऊन जातो’ आणि ‘घेऊन येतो’. तुर्की माणूस ‘आलप गिदियोर’ आणि ‘आलप गेलियोर’ म्हणतो. धातूला लागणारा ‘प’ हा प्रत्यय हुबेहूब आपल्या ‘ऊन’चे काम करतो. पहिली क्रिया पूर्वकालवाचक, मुख्य क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला या रचनेवर पानेच्या पाने खर्चावी लागतात. आपण ती जन्मापासून वापरत आलो आहोत.

श्वास घेणे म्हणजे ‘नेफेस आल्मक’, कर्ज घेणे म्हणजे ‘बोर्च आल्मक’, सूड घेणे म्हणजे ‘इन्तिकाम आल्मक’, प्राण घेणे म्हणजे ‘जान आल्मक’. एखादा विषय हाती घेणे म्हणजे ‘एले आल्मक’, आणि ‘एल’ म्हणजे हातच. सभागृहात कुणाला आत घेणे म्हणजे ‘इचेरी आल्मक’, आणि पोलिसांनी एखाद्याला ‘आत घेतले’ असे सांगायलाही बोलीभाषेत हाच वाक्प्रचार चालतो. पाहुणा घरी आला की यजमान विचारतो, ‘चाय आलर मसनझ?’ म्हणजे अक्षरशः ‘चहा घेणार का?’ उपाहारगृहातला वाढपीही ‘ने आलरसनझ?’ असे विचारतो, म्हणजे ‘काय घ्याल?’ ही वाक्ये मराठी माणसाला समजावून सांगावीच लागत नाहीत.

बोरूटाक

उत्तम माहिती. माझी एक शंका आहे. मराठीत ‘मी पुस्तक घेतले’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: टेबलावरचे उचलले किंवा दुकानातून विकत आणले. ‘आल्मक’चेही दोन्ही अर्थ शब्दकोशात दिसतात. मग तुर्की वाचक हा फरक कसा ओळखतो?

इझमीरकर

बराचसा संदर्भावरून, आपल्यासारखाच. स्पष्ट सांगायचेच असेल तर ‘सातन आल्मक’ म्हणतात. मराठीतल्या ‘विकत घेणे’शी हा प्रयोग इतका जुळतो की त्याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. ‘सात्मक’ म्हणजे विकणे, त्यावरून ‘सातन’, आणि पुढे घेणे.

पण आणखी एक खूण आहे. ‘किताप आल्दम’ म्हटले की कोणतेतरी पुस्तक, आणि ऐकणारा बहुधा खरेदीच समजतो. ‘किताबअ आल्दम’ म्हटले की ते ठरावीक पुस्तक, ज्याविषयी आपण आधी बोललो होतो. इथे उचलले, परत घेतले, ताब्यात घेतले हे अर्थ पुढे येतात. शेवटच्या ‘अ’ या द्वितीयेच्या प्रत्ययाने वस्तू निश्चित होते. आपल्याकडे ‘नोकर शोधतो आहे’ आणि ‘नोकराला शोधतो आहे’ यांत जो फरक आहे, तोच हा. मराठीत तो प्रामुख्याने सजीवांपुरता आहे. तुर्कीत पुस्तकापासून पावसापर्यंत सगळ्यांना लागू होतो. ज्याच्याकडून घेतले त्याला ‘देन’ किंवा ‘दान’ हा पंचमीचा प्रत्यय लागतो: ‘किमदेन आल्दन?’ म्हणजे ‘कुणाकडून घेतलेस?’

याच क्रियापदाचे एक रूप आवर्जून सांगतो. ‘आराबा आल्दअ’ म्हणजे त्याने गाडी घेतली, मला ते प्रत्यक्ष ठाऊक आहे. ‘आराबा आल्मश’ म्हणजे त्याने गाडी घेतली म्हणे. ऐकीव किंवा अनुमानाने कळलेल्या गोष्टीसाठी तुर्कीत भूतकाळाचा स्वतंत्र प्रत्यय आहे. इंग्रजीत हे सांगायला वेगळा शब्द किंवा वाक्य जोडावे लागते, आपले एका ‘म्हणे’वर भागते. भाषांतरात हा ‘मश’ गाळला तर लेखकाने जी जबाबदारी घेतलेली नाही ती त्याच्यावर लादली जाते. बातम्या आणि कथा यांच्या भाषांतरात ही चूक वारंवार दिसते, आणि मला ती फार खटकते.

कृष्णाकाठ

इझमीरकर यांच्या मांडणीशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र मराठीवरून तुर्कीकडे सरळ जाण्याचा सल्ला देताना, ज्या जागी ही वाट फसवते त्या जागाही सांगायला हव्यात. ‘घेणे’ दिसले की ‘आल्मक’ लावायचे, अशी सवय लागली तर ती इंग्रजीच्या सवयीइतकीच घातक ठरेल.

परीक्षेचे उदाहरण घ्या. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. तुर्कीत विद्यार्थी परीक्षेत प्रवेश करतो, ‘सनावा गिर्मेक’, आणि शिक्षक परीक्षा करतात, ‘सनाव याप्मक’. म्हणजे तुर्कीत घेणेही नाही आणि देणेही नाही. ‘सनाव वेर्मेक’, अक्षरशः परीक्षा देणे, असा प्रयोग आहे खरा, पण तो बहुतेक वेळा कसोटीला उतरणे या लाक्षणिक अर्थाने येतो. शाळेच्या संदर्भात मराठी माणसाने तो सरसकट वापरला तर अर्थ भरकटतो.

निर्णयाचे तसेच. आपण निर्णय घेतो आणि न्यायालय निर्णय देते. तुर्कीत एखाद्या व्यक्तीने मनाशी ठरवले तरी ती ‘कारार वेर्मेक’ करते, म्हणजे निर्णय देते, आणि न्यायालयही तेच करते. ‘कारार आल्मक’ हा प्रयोग चुकीचा नाही. मंडळ, समिती, सरकार यांनी ठराव केला की तो बातम्यांत हमखास वाचायला मिळतो. पण ‘काय घ्यायचे ते अजून ठरवले नाही’ अशा साध्या वाक्यात ‘वेर्मेक’च हवे. जाता जाता, हा ‘कारार’ म्हणजे आपला ‘करार’च, एकाच अरबी शब्दाचा तुर्कीत निर्णय झाला आणि मराठीत दोन पक्षांमधला लेखी समझोता झाला. ओळखीचा चेहरा पाहून अर्थही ओळखीचा समजू नये.

विश्रांतीचा प्रयोग तर मला सर्वांत बोधक वाटतो. इंग्रजीत ‘ब्रेक’ हा ‘टेक’ करायचा असतो, मराठीत आपण विश्रांती घेतो, सुटी घेतो. तुर्की माणूस मात्र ‘मोला वेर्मेक’ किंवा ‘आरा वेर्मेक’ म्हणतो, म्हणजे थांबा देतो, मध्ये अंतर देतो. लांब पल्ल्याच्या बसचा चालक वाटेत ‘यिर्मी दाकिका मोला’ असे सांगतो तेव्हा तो वीस मिनिटांचा थांबा प्रवाशांना देत असतो. काम थांबवणारा माणूस कामाला थांबा देतो, अशी ती कल्पना आहे.

औषधयोजना

माझा व्यवसाय औषधांचा असल्यामुळे या विषयातला एक कोपरा मला जवळून ठाऊक आहे. इंग्रजीत औषध ‘टेक’ करायचे असते, मराठीत घ्यायचे असते, आणि तुर्की औषधांच्या माहितीपत्रकांतही ‘आल्मक’चे रूप येते. पण घरात आई मुलाला विचारते ते असे: ‘इलाजनअ इच्तिन मी?’ म्हणजे ‘औषध प्यायलास का?’ औषध गोळीच्या रूपात असले तरी बोलताना ‘इच्मेक’, म्हणजे पिणे, हेच क्रियापद सहज वापरले जाते. डॉक्टर रुग्णाला कोणती औषधे चालू आहेत हे विचारतात, तेव्हा तिसरेच क्रियापद येते, ‘कुल्लान्मक’, म्हणजे वापरणे. तिन्ही बरोबर आहेत. कोण कुणाशी कुठे बोलत आहे यावर निवड ठरते. कादंबरीतल्या आजीच्या तोंडी माहितीपत्रकातले क्रियापद घातले तर व्याकरणाची चूक होणार नाही, पण आजी परकी वाटेल.

मलम असेल तर ‘मेर्हेम स्युर्मेक’. हा ‘मेर्हेम’ आपल्या ‘मलम’चाच सगा आहे. लस आपण घेतो. तुर्की माणूस मात्र ‘आशअ ओल्मक’ म्हणतो, ज्यात ‘ओल्मक’ म्हणजे होणे. ‘मी लस घेतली’ याचे शब्दशः ‘आशअ आल्दम’ केले, तर ऐकणाऱ्याला मी लशीची कुपी आणली असे वाटण्याचा संभव आहे. आणि ‘इलाच’ हा शब्दही कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या प्रकारातला आहे. मराठीत इलाज म्हणजे उपाय, तुर्कीत त्याचा अर्थ औषध.

अक्षरवेल

सर्वांचे मनापासून आभार. आता वाहन, छायाचित्र आणि वेळ हे तीन प्रयोग राहिले आहेत. एका तुर्की मालिकेत मी ‘दुश आल्मक’ ऐकले, म्हणजे शॉवर घेणे. मग फेरीबोटीलाही ‘आल्मक’ का चालू नये?

इझमीरकर

कारण ‘वापुर आलालम’ याचा तुर्कीत अर्थ होतो, चला, एक आगबोट विकत घेऊ. वाहनासाठी ‘बिन्मेक’ हेच क्रियापद आहे. चढणे, आत किंवा वर बसणे असा त्याचा अर्थ असून वाहनाला चतुर्थीचा प्रत्यय लागतो: ‘वापुरा बिन्मेक’, ‘ओतोब्युसे बिन्मेक’, घोड्यावर बसायचे असेल तर ‘आता बिन्मेक’. आपण ‘बसमध्ये बसलो’ म्हणतो त्याच्या हे जवळ आहे. मात्र खुर्चीवर बसणे म्हणजे ‘ओतुर्मक’, तिथे ‘बिन्मेक’ चालत नाही. भाड्याची टॅक्सी करायची तर ‘ताक्सी तुत्मक’, जिथे ‘तुत्मक’ म्हणजे धरणे. मराठीत टॅक्सी आपण करतो आणि बस पकडतो.

छायाचित्रासाठी ‘चेक्मेक’, म्हणजे ओढणे: ‘फोतोराफ चेक्मेक’. आपण फोटो काढतो. दोन्ही भाषांत प्रतिमा समोरून बाहेर खेचून घेतली जाते. पण मराठीतले हे ‘काढणे’ बूट काढण्यालाही चालते, आणि तिथे तुर्कीत ‘चकार्मक’ हे वेगळे क्रियापद लागते. ‘चक्मक’ म्हणजे निघणे आणि त्याचे प्रयोजक ‘चकार्मक’ म्हणजे काढणे. आपल्या निघणे आणि काढणे या जोडीची आठवण व्हावी इतके हे समांतर आहे. ‘चेक्मेक’ची एक गंमत इथेच सांगून टाकतो. इंग्रजीत मुलगा वडिलांसारखा असेल तर ‘टेक्स आफ्टर’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘बापावर गेला आहे.’ तुर्कीत ‘बाबासना चेक्मिश’, म्हणजे वडिलांकडे ओढला गेला आहे. शेवटी तोच ‘मश’ प्रत्यय ‘मिश’ या रूपात आला आहे, कारण हे साम्य बघून काढलेले अनुमान आहे.

वेळेसाठी दोन क्रियापदे आहेत आणि त्यांतला फरक सूक्ष्म आहे. प्रवास किंवा सभा अमुक इतका वेळ चालते, तेव्हा ‘स्युर्मेक’. हे तेच क्रियापद, जे मलमासाठी आले. गाडी हाकणे, पसरवणे, चालू राहणे असे त्याचे अर्थ एकमेकांतून निघालेले आहेत. पण एखाद्या कामाने माझा वेळ खाल्ला असे म्हणायचे असेल, तर ‘बु इश इकी साआतिमी आल्दअ’, म्हणजे या कामाने माझे दोन तास घेतले. इथे वेळ माझ्याकडून गेला, म्हणून ‘आल्मक’ आले. फेरीबोटीच्या वेळापत्रकात कुणाकडून काही गेलेले नसते, तिथे ‘स्युर्मेक’.

‘दुश आल्मक’विषयी वाद आहे. भाषेबाबत काटेकोर असलेले अनेक तुर्की लेखक त्याला परभाषेची नक्कल मानतात आणि ‘दुश याप्मक’, म्हणजे शॉवर करणे, किंवा सरळ ‘यकान्मक’, म्हणजे अंग धुणे, पसंत करतात. बोलण्यात मात्र ‘दुश आल्मक’ पक्का रुळला आहे, त्यामुळे पात्राच्या तोंडी तो अस्वाभाविक ठरणार नाही.

बोरूटाक

मग त्याला नक्कल म्हणून नाके मुरडण्यात काय अर्थ आहे? मराठीतही आता ‘शॉवर घेतला’, ‘फोटो घेतला’, ‘आपण मेट्रो घेऊया’ असे सर्रास ऐकू येते. भाषा अशाच बदलतात.

कृष्णाकाठ

भाषा बदलतात हे मान्य, पण प्रत्येक बदलाची किंमत सारखी नसते. ‘शॉवर घेतला’ने फारसे काही बिघडत नाही, कारण ती वस्तूही नवी आणि क्रियाही नवी. ‘मेट्रो घेऊया’ने मात्र ‘मेट्रोने जाऊया’ ही स्वच्छ रचना बाजूला पडते आणि ‘घेणे’ या क्रियापदाची धार बोथट होते. भाषांतरकाराने निदान स्वतःच्या लेखनात तरी हे होऊ देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

तुर्कीचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. १९३२ साली तुर्की भाषा संस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द आणण्याचे मोठे काम सुरू झाले. ‘तेदबिर आल्मक’, म्हणजे खबरदारी घेणे, याच्या जागी ‘ओन्लेम आल्मक’ आले. ‘इन्तिकाम’च्या शेजारी ‘ओच’ आणि ‘नेफेस’च्या शेजारी ‘सोलुक’ उभे राहिले. काही जुने शब्द मागे पडले, काही अजून नव्यांच्या बरोबरीने नांदत आहेत. पण नीट पाहिले तर नाम बदलले आणि ‘आल्मक’ जागच्या जागी राहिले. संकल्पनेचा सांगाडा क्रियापदात होता आणि त्याला कुणी हात लावला नाही. इंग्रजीच्या प्रभावाने आज जे घडते ते याच्या उलट आहे. शब्द आपलेच राहतात, पण क्रियापदाची जागा परक्या साच्यानुसार ठरते. म्हणून तो प्रभाव चटकन दिसत नाही आणि अधिक खोल जातो.

गडवाट

या चर्चेत इतिहासाचे एक टोक राहिले आहे. आपण ‘किल्ला घेतला’ म्हणतो तसेच तुर्कीत ‘इस्तंबूल घेतले’ म्हणतात. दुसऱ्या मेहमेदने २९ मे १४५३ रोजी शहर जिंकले, हे सांगताना ‘इस्तान्बुलु आल्दअ’ हे अगदी साधे, घरगुती वाक्य चालते. औपचारिक लेखनात ‘फेतहेत्मेक’ येते, ज्यातला ‘फेतिह’ म्हणजे आपल्या ‘फत्ते’मागचाच अरबी शब्द, आणि त्याच मुळातून त्या सुलतानाचे ‘फातिह’ हे बिरुद आले. ‘झाप्तेत्मेक’ही आहे. त्यातला ‘झाप्त’ म्हणजे आपला ‘जप्त’. मराठीत सावकाराने किंवा सरकारने घर जप्त करायचे असते, तर उस्मानी इतिहासात किल्ले आणि शहरे ‘झाप्त’ होतात. मूळ इंग्रजी मजकुरात एकच ‘टेक’ असेल तरी या तिन्हींत निवड करताना लेखक कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे पाहावे लागते. ‘फेतहेत्मेक’मध्ये गौरव आहे. पराभूताच्या तोंडी तो शोभणार नाही.

अक्षरवेल

या सगळ्या प्रतिसादांच्या आधारे मी वाक्ये नव्याने लिहिली आहेत. ‘कादक्योय्देन एमिन्योन्यु वापुरुना बिनिन’, म्हणजे कादक्योयहून एमिन्योन्युच्या फेरीबोटीत बसा. ‘योल्जुलुक याक्लाशक यिर्मी दाकिका स्युरेर’, प्रवासाला सुमारे वीस मिनिटे लागतात. ‘ल्युत्फेन आयाक्काबलारनझअ चकारन’, कृपया बूट काढा. ‘फ्लाशला फोतोराफ चेक्मेयिनिझ’, फ्लॅशने छायाचित्रे काढू नका. ‘चोजुक्लारअ बाहचेये आलन’, मुलांना बागेत न्या. ‘एश्यालारनझअ याननझा आलन’, सामान सोबत घ्या.

आणखी दोन शंका आहेत. इंग्रजीत ‘आय टेक इट दॅट’ अशी सुरुवात करून समोरच्याचे म्हणणे गृहीत धरतात, ते तुर्कीत कसे सांगावे? आणि कुणी बोललेले मनाला लावून घेतले, यासाठी काय म्हणतात?

इझमीरकर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते ‘आल्मक’च्या पोटातच आहे. त्याचे ‘आलन्मक’ हे रूप कर्मणी आहे, म्हणजे घेतले जाणे. पण तेच रूप मनाला लावून घेणे, बोलणे लागणे या अर्थानेही वापरले जाते, आणि अशा हळव्या माणसाला ‘आलनगान’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘तू ते स्वतःवर का घेतोस?’ तुर्कीतही ‘उस्त्युने आलन्मक’ आहे, ज्यात ‘उस्त्युने’ म्हणजे आपल्यावर. इंग्रजी वाक्यातून इथवर पोचायला वळसा पडतो, मराठीतून एक पाऊलही पडत नाही.

‘आय टेक इट’साठी ‘देमेक की’. ‘देमेक’ म्हणजे म्हणणे. ‘देमेक की गेल्मियोरसुनुझ’ म्हणजे ‘म्हणजे तुम्ही येत नाही तर’. आपले ‘म्हणजे’ही ‘म्हणणे’वरूनच आलेले आहे. इथे ‘आल्मक’चा काहीही संबंध नाही.

डोक्यात न शिरणाऱ्या गोष्टीसाठी मात्र पुन्हा ‘आल्मक’ येते: ‘आक्लम आल्मयोर’, माझी बुद्धी ते आत घेत नाही. आणि पाहुणा आल्या पावली निघाला की यजमान म्हणतो, ‘आतेश आल्माया म गेल्दिन?’ म्हणजे ‘विस्तव घ्यायला आला होतास का?’ काडेपेटी घरोघर पोचण्याआधी शेजारून निखारा आणायची पद्धत होती आणि निखारा विझण्याआधी घर गाठावे लागे, त्यातून हा वाक्प्रचार आला. हिंदी-उर्दूतही ‘आग लेने आए थे क्या’ असेच विचारतात. याचे इंग्रजीतून भाषांतर करणारा माणूस आधी ‘टेक’ शोधत बसेल आणि मग तळटीप लिहील. मराठी वाचकाला विस्तवाचा उल्लेख तसाच ठेवला तरी पुरतो.

आता तुमच्या वाक्यांविषयी. पाच वाक्ये निर्दोष आहेत. मुलांच्या वाक्यात मात्र ‘आलन’ ठेवले तर त्याचा अर्थ ‘मुलांना बागेत घ्या’ असा होतो, म्हणजे दारावरच्या माणसाला मुलांना आत सोडण्याची सूचना. पालकांनी मुलांना तिकडे न्यावे असे म्हणायचे असेल तर ‘चोजुक्लारअ बाहचेये ग्योत्युर्युन’ लिहा. सामानाच्या वाक्यात ‘आलन’च योग्य, कारण तिथे वस्तू माणसाच्या स्वतःच्या बाजूला येते, ‘यान’ म्हणजे बाजू, आणि ‘याननझा’ म्हणजे तुमच्या बाजूला.

एक शेवटची दुरुस्ती. तुम्ही ‘बिनिन’, ‘चकारन’ आणि ‘आलन’ ही आदरार्थी आज्ञारूपे वापरली आहेत, पण छायाचित्रांच्या वाक्यात ‘चेक्मेयिनिझ’ हे त्याहून औपचारिक रूप आले आहे. सूचनाफलकांवर लांब रूप अधिक दिसते आणि माहितीपत्रकात दोन्ही चालतात, पण एकाच पत्रकात त्यांची सरमिसळ नको. सगळीकडे छोटे रूप ठेवायचे असेल तर तिथे ‘चेक्मेयिन’ करा.